विल्डबीस्टचं तोंड आणि उघडं माळरान

जुलै उजाडला की नैरोबीतल्या आम्हा मराठी लोकांचे फोन वाजायला लागतात. पुण्याहून, ठाण्याहून, नाशिकहून कोणी ना कोणी मसाई माराला निघालेलं असतं, ग्रुप टूर असते, नैरोबीत एक रात्र मुक्काम असतो, त्या रात्री जेवायला आमच्याकडे, आणि मग परत जाताना एअरपोर्टवरून फोन येतो की क्रॉसिंग मिळालं, नाहीतर क्रॉसिंग नाही मिळालं. एवढाच हिशोब. मारा नदी, मगरी, उड्या घेत नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप, धुरळा आणि मोबाइलमधला तो व्हिडिओ. ज्या प्राण्यासाठी माणसं एवढा खर्च करून येतात तो जवळून कसा दिसतो, काय खातो, वर्षातले बाकीचे महिने कुठे असतो, हे विचारणारं क्वचितच कोणी भेटतं. उलट जेवताना हमखास ऐकायला मिळतं की सिंह छान, चित्ता छान, हत्तीचं तर काय बोलायलाच नको, पण ते विल्डबीस्ट म्हणजे काय ध्यान आहे, गाईची शिंगं, घोड्याची शेपूट, बोकडाची दाढी, देवाने उरलंसुरलं जोडून केलेलं. इथले बरेच गाइडसुद्धा पाहुण्यांना हसवायला हेच सांगतात.

मला ते ऐकून खरंच वाईट वाटतं. मी इथे राहायला आल्यापासून सगळ्यात जास्त वेळ ज्या प्राण्याकडे बघत बसलेय तो हाच, आणि जितकं बघावं तितकं पटत जातं की याच्या अंगावरच्या प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण आहे, आणि बहुतेक कारणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, ते म्हणजे आखूड गवत आणि ते जिथे उगवतं ती उघडी जमीन.

आधी अंगाबद्दल. सेरेंगेटीतला, म्हणजे माराला लागूनच असलेल्या टांझानियातल्या माळरानावरचा, पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी चार-सव्वाचार फूट उंच आणि 200 किलोच्या आसपास, मादी थोडी लहान. दक्षिण आफ्रिकेकडचे याच जातीतले नर आणखी मोठे, 250 किलोपर्यंत जातात. रंग करडा, पण सकाळच्या तिरप्या उन्हात त्यावर निळसर झाक दिसते, मानेवर आणि खांद्यावर काळपट उभे पट्टे, तोंड काळं, गळ्याखाली दाढी, आणि सेरेंगेटीत ती दाढी पांढुरकी. शेपटी काळी, लांब, जवळजवळ घोट्यापर्यंत. शिंगं नरालाही असतात आणि मादीलाही, आधी बाजूला जातात मग वर वळतात, आणि चितळ-सांबरासारखी दरवर्षी गळत नाहीत, आपल्या काळवीटासारखी जन्मभर राहतात. काळवीट, विल्डबीस्ट, गाई, शेळ्या सगळे एकाच मोठ्या कुळातले. विल्डबीस्टचे अगदी जवळचे नातेवाईक म्हणजे हार्टबीस्ट आणि टोपी नावाचे प्राणी, ते पण आफ्रिकेतलेच, त्यांचीही पाठ अशीच उतरती.

ती उतरती पाठ बघायला विचित्र वाटते हे मान्य. खांदे उंच, मागचा भाग खाली, पाय एवढे बारीक की हे धड पेलतात कसे असं वाटावं. पण ते पळायला लागलं की कळतं. जोरात नाही म्हणत मी, जोरात सगळेच पळतात. विल्डबीस्टची खरी चाल म्हणजे ती संथ, डुलत जाणारी दौड, डोकं खाली, खांदे वरखाली, एकामागे एक रांग, तासन् तास. मैलोन् मैल कमी खर्चात कापण्यासाठीच हा बांधा आहे असं जाणकार सांगतात. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या लोकांनी बोत्सवानात जनावरांना कॉलर लावून, त्यांच्या स्नायूंचे अगदी छोटे तुकडे तपासून हे मोजलं होतं, 2018 मध्ये ते छापून आलं. वापरलेल्या ऊर्जेपैकी 60 टक्क्यांहून जास्त ऊर्जा विल्डबीस्टचा स्नायू प्रत्यक्ष कामाला लावतो, गाईचा 40 टक्क्यांच्या थोडा वर. बाकी सगळी उष्णता होऊन जाते, आणि भर उन्हात अंग जेवढं कमी तापेल तेवढं पाणी कमी लागतं. कॉलर लावलेल्यातली काही जनावरं पाच दिवस पाणी न पिता 80 किलोमीटरपर्यंत चालली होती. एरवी या प्राण्याला रोज किंवा एक दिवसाआड पाणी लागतं, वाळवंटातल्या ओरिक्ससारखं हे पाण्याशिवाय राहू शकत नाही, म्हणून चालणं स्वस्त पडणं ही त्याची गरज.

पुढच्या पायांच्या खुरांच्या बेचक्यात ग्रंथी असतात, त्यातून वास जमिनीवर उतरतो. हजारो जनावरं एका वाटेने गेली की ती वाट नुसती दिसत नाही, तिला वासही असतो, आणि मागे राहिलेलं जनावर नाक खाली घालून बरोबर त्या वाटेने येतं. विमानातून सेरेंगेटीवर या वाटा बघा, समांतर रेघा, पिढ्यान् पिढ्या त्याच.

आता तोंड. मला यासाठीच हा लेख लिहायचा होता.

फेब्रुवारीत आम्ही दक्षिण सेरेंगेटीला, न्दुटूच्या भागात गेलो होतो. टांझानियात, गोरोंगोरोच्या पश्चिमेला. तिथे गाडी बंद करून बसलो तर कळप चरत चरत आपोआप गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकतो. एक मादी माझ्या खिडकीपासून इतकी जवळ आली की गवत तुटण्याचा आवाज ऐकू येत होता, चर्र, चर्र, एका लयीत, मध्ये थांबणं नाही. मी फक्त तिचं मुस्कट बघत होते. रुंद, चौकोनी, खालून जवळजवळ सपाट, इतक्या मोठ्या डोक्याचा सगळा जोर त्या रुंद टोकाशी येऊन संपल्यासारखा. वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत, गाईसारखीच तिथे कडक हिरडी, आणि खाली दातांची रुंद सरळ ओळ. गाय गवत खाते तेव्हा जीभ बाहेर काढून गवताला विळखा घालते आणि ओढते, त्यामुळे तिला जरा वाढलेलं गवत लागतं, हे ज्याच्या घरी गुरं आहेत त्याला सांगायला नको. विल्डबीस्ट जिभेवर अवलंबून राहत नाही. ती मादी ओठ जमिनीला टेकवून दातांची ओळ आणि हिरडी यांच्यात गवत धरत होती आणि डोक्याला छोटा हिसका देत होती, की झालं. ते गवत बोट-दोन बोटं उंच होतं. तेवढ्याशा गवतावर गाईचं पोट भरलं नसतं. विल्डबीस्टला तेच पाहिजे असतं, कारण नुकतं फुटलेलं आखूड गवत म्हणजे जवळजवळ नुसतं पान, काडी नाही, पचायला हलकं, प्रथिनं भरपूर. रुंद तोंड असल्यामुळे एका घासात बरंच मिळतं आणि निवडत बसावं लागत नाही.

याच्या उलट हार्टबीस्ट. त्याचं तोंड लांबुळकं आणि अरुंद, ते उंच वाळक्या गवतात तोंड घालून काड्यांमधलं एखादं हिरवं पान अचूक वेचतं. म्हणून उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या कोरड्या महिन्यांत, ते एका जागी तग धरतं आणि विल्डबीस्टला उठून चालायला लागावं लागतं. एवढ्या जवळच्या नातेवाइकांत फक्त तोंडाच्या रुंदीने आयुष्याची तऱ्हा वेगळी झाली. मला हे विलक्षण वाटतं. झेब्र्याचं आणखी वेगळं, त्याला वर-खाली दोन्हीकडे दात, तो जाड काड्यासुद्धा कापतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी झेब्रे पुढे, त्यांच्या मागे विल्डबीस्ट आणि त्यांच्याही मागे थॉमसन्स गझेल असा चरायचा क्रम दिसतो.

बरं, हे आखूड गवत तिथेच का? त्या मैदानात झाडच नाही. नजर जाईल तिथपर्यंत सपाट, मध्ये कुठेतरी काळ्या-करड्या खडकांचे ढीग, बाकी आकाश. पाऊस कमी, वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, उत्तरेला माराकडे त्याच्या दुप्पट. पण फक्त पावसाने हे होत नाही. त्या पठाराच्या पूर्वेला ज्वालामुखींची रांग आहे, त्यातला ओल दोइन्यो लेंगाय अजून जागा आहे, इथले गुरं पाळणारे मसाई लोक त्याला देवाचा डोंगर म्हणतात, 2007-08 मध्ये त्याने मोठा राखेचा उद्रेक केला होता. जगात हा एकच जागा ज्वालामुखी असा की त्याचा लाव्हा सोडा आणि चुन्याच्या जातीच्या क्षारांचा असतो. अशा डोंगरांची राख हजारो वर्षं वाऱ्याने पश्चिमेला येऊन पडली, तिच्यातले क्षार पावसाने खाली उतरले आणि जमिनीखाली थोड्याच अंतरावर त्यांचा कडक थर जमला. झाडाचं मूळ तो थर फोडू शकत नाही, म्हणून झाड नाही. गवताचं मूळ वरच्या वरच राहतं, म्हणून गवत आखूड. आणि त्या राखेमुळेच त्या आखूड गवतात कॅल्शियम आहे, फॉस्फरस आहे, सोडियम आहे. उत्तरेच्या उंच हिरव्यागार गवतात हे एवढं नाही, विशेषतः फॉस्फरस कमी पडतो, आणि दूध पाजणाऱ्या मादीला तो नसला तर चालत नाही.

लाखो जनावरं बारमाही पाणी असलेला उत्तरेचा प्रदेश सोडून दरवर्षी या बिनझाडाच्या, जवळजवळ बिनपाण्याच्या मैदानाकडे का धावतात याचं मोठं कारण हे. नोव्हेंबर-डिसेंबरला पहिला पाऊस पडला की यायचं, एप्रिल-मेपर्यंत राहायचं, डबकी आटून खारट झाली की निघायचं, आधी पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे, मग उत्तरेला, आणि जुलै ते ऑक्टोबर मारा. म्हणजे आपले लोक ज्याला मायग्रेशन म्हणून बघायला येतात तो त्यांचा कोरड्या महिन्यांतला नाइलाज आहे. घर म्हणावं तर ते दक्षिणेला.

आणि गवत पण या तोंडासाठीच तयार झालेलं आहे. जमिनीलगत पसरणाऱ्या जाती, वरून कितीही कुरतडलं तरी खालून पुन्हा फुटतात. शास्त्रज्ञांनी तिथे जाळी लावून छोटे तुकडे चरण्यापासून बंद केले, तर आत उंच जाती वाढल्या आणि ही बुटकी गवतं त्यांच्या सावलीत मागे पडली.

याच मैदानावर फेब्रुवारीत वासरं जन्मतात. साधारण आठ महिन्यांचा गाभण काळ आणि सगळ्या माद्या जवळजवळ एकदमच, बहुतेक वासरं दोन-तीन आठवड्यांच्या आत, म्हणजे लाखांच्या घरात. जन्म जास्त करून सकाळी. आम्ही एक बघितलं. मादी आडवी पडली, उठली, पुन्हा पडली, बाजूच्या माद्या नेहमीसारख्या चरत होत्या. वासरू बाहेर आलं ते फिक्कट मातकट, आईच्या रंगाशी काही संबंध नाही, ओलं, चेहरा तेवढा काळपट. त्याने उठायचा प्रयत्न केला आणि पुढच्या गुडघ्यांवर पडलं. परत उठलं, मागचे पाय फाकले, बसलं. आमचा गाइड मसाई होता, लहानपणापासून हे बघितलेला माणूस, तोसुद्धा श्वास रोखून बघत होता आणि हळूच आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता, चल, चल, असंच असणार. सरासरी सहा-सात मिनिटांत विल्डबीस्टचं वासरू उभं राहतं असं वाचलं होतं. हेही राहिलं. आणि उभं राहिल्यावर लगेच आईच्या पोटाशी, पाच-दहा मिनिटांनी आईबरोबर चालायला सुद्धा लागलं, तिच्या बाजूला इतकं चिकटून की दोघांच्या मध्ये फट दिसेना.

गझेलचं पिल्लू पहिले काही दिवस गवतात दडून पडून असतं, आई येऊन पाजून जाते. विल्डबीस्टला ती सोय नाही, दोन बोटांच्या गवतात दडणार कुठे? म्हणून वासरू पहिल्या तासापासून चालणारं. आणि एकदम सगळी जन्मली की तरस, सिंह, कोल्हे, कितीही खाल्लं तरी खाऊन खाऊन किती खातील. जे वासरू महिनाभर आधी किंवा नंतर एकटंच जन्मतं त्याचं मात्र कठीण असतं.

रात्री तंबूत झोपल्यावर त्यांचा आवाज ऐकला. मिरगाच्या पहिल्या पावसानंतर आमच्या गावच्या तळ्यावर बेडकांचा जो गजर उठतो ना, थेट तसा, चारी बाजूंनी, रात्रभर. मला झोप लागली नाही आणि लागावी असं वाटलंही नाही.

त्या गाइडनेच पुढचं सांगितलं. म्हणाला, वासरं जन्मतात तेव्हा माझा बाप गुरं घेऊन डोंगराकडे निघून जायचा, अजूनही सगळे जातात. कारण विल्डबीस्टच्या वासरांच्या नाका-डोळ्यांतून एक विषाणू बाहेर पडतो, पहिले तीन-चार महिने. विल्डबीस्टला त्याचा काही त्रास नाही, पण गाईला लागला तर डोळे पांढरे पडतात, नाकातून धार लागते, ताप चढतो आणि गाय बहुतेक वाचत नाही. म्हणजे वर्षातलं सगळ्यात कसदार गवत, आणि ऐन त्याच वेळी मसाईंनी आपली गुरं तिथून लांब ठेवायची. तरी पिढ्यान् पिढ्या ते ही वाट सोडत आलेत. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. पण जंगल वाचवणाऱ्यांची यादी करताना या गुराख्यांचं नाव वर असायला पाहिजे असं मला तेव्हापासून वाटतं.

हा विषाणू 1960 मध्ये विल्डबीस्टमधून शोधून काढणारा माणूस वॉल्टर प्लोराइट. नैरोबीजवळच्या मुगुगाच्या प्रयोगशाळेत तो काम करायचा, आमच्या घरापासून ते गाव फार लांब नाही. आणि याच माणसाचं दुसरं काम त्याहून मोठं, बुळकांडीची लस. बुळकांडी हा शब्द आपल्याकडच्या तरुणांनी कदाचित ऐकलाही नसेल, पण आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या शेतकऱ्याला तो ऐकून धडकी भरायची, गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग. हा रोग 1887-88 च्या सुमारास आफ्रिकेच्या लाल समुद्राच्या किनाऱ्यावर उतरला, इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर, आणि ती गुरं भारताकडून आली असावीत असं बरेच इतिहासकार मानतात. तिथून दहा वर्षांच्या आत तो थेट दक्षिण टोकापर्यंत गेला. मसाईंची बहुतेक गुरं मेली, त्यापाठोपाठ माणसं भुकेने मेली, रानातल्या म्हशी आणि विल्डबीस्ट मेले. योगायोग बघा, साधारण त्याच काळात, 1889 मध्ये, आपल्या पुण्यात गुरांच्या रोगांसाठी सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली, जी पुढे 1893 मध्ये मुक्तेश्वरला हलवली, आणि बुळकांडी हे तिच्यापुढचं मोठं काम होतं.

सेरेंगेटीच्या भागात सत्तरएक वर्षं हा रोग धुमसत राहिला. तिथली विल्डबीस्टची बरीच वासरं वर्षाची व्हायच्या आत मरायची. मग 1950 आणि 60 च्या दशकात सेरेंगेटीच्या भोवतालच्या मसाई गुरांना लस टोचली गेली. विल्डबीस्टला कोणी हात लावला नाही, एकही इंजेक्शन नाही. फक्त गुरांमधून रोग हटला, आणि 1963 च्या सुमारास विल्डबीस्टमधूनही तो आपोआप नाहीसा झाला, म्हणजे रोग टिकून होता गुरांमुळे. 1961 ला अडीच लाखांच्या आसपास असलेली संख्या 1977 पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेली. 2011 मध्ये बुळकांडी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं.

आणि त्या लाखो तोंडांनी सेरेंगेटीच बदलून टाकली. गवत खाल्लं गेल्यामुळे उन्हाळ्यात पेटायला वाळकं गवत कमी राहिलं, वणवे कमी झाले, वणव्यात जळून जाणारी बाभळीची रोपं जगली, उत्तरेला आणि मध्य भागात झाडी परत आली. हे सगळं एका चरणाऱ्या प्राण्याच्या तोंडाने केलं, आणि आपण त्याला ध्यान म्हणतो.

आता तेरा लाख हा आकडा अजून खरा आहे का, यावर 2025 मध्ये नवीन प्रश्न उभा राहिलाय, 2022 आणि 2023 च्या उपग्रहाच्या फोटोंवर कॉम्प्युटरकडून मोजणी करून घेतली तर दोन्ही वर्षी सहा लाखांपेक्षा कमी निघाले. कळप फोटोच्या बाहेर होता, झाडाखाली होता, की खरंच कमी झालाय, यावर वाद चालू आहे. मला त्यातलं शेवटचं नको आहे एवढंच सांगते.

नदीबद्दल थोडक्यात, कारण त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. मारा नदीत दरवर्षी सरासरी सहा हजारांच्या वर विल्डबीस्ट बुडून मरतात, बहुतेक मगरीने धरल्यामुळे नाही तर धार जोराची, काठ उभा, मागून रेटा. ऐकायला भयंकर, पण कळपाच्या मानाने हा आकडा एक टक्क्याच्याही खाली. गिधाडं, मरबू करकोचे, मासे त्यावर जगतात, आणि उरलेली हाडं सात-सात वर्षं पाण्यात विरघळत राहून नदीला फॉस्फरस पुरवत राहतात.

नदी विल्डबीस्टला संपवत नाही. कुंपण संपवतं.

हे मला सेरेंगेटीत नाही, आमच्या नैरोबीत कळलं. नैरोबी नॅशनल पार्क 1946 चं, शहराला लागून, 117 चौरस किलोमीटरचं. उत्तर, पूर्व, पश्चिम तीन बाजूंना कुंपण, दक्षिणेला नदी आणि ती बाजू उघडी. त्या बाजूने पुढे आथी-कपितीचं मैदान. तिथेही विल्डबीस्टचं स्थलांतर होतं, सेरेंगेटीपेक्षा लहान, पण स्वतःचं वेगळं. ही पोटजातही वेगळी, मोठ्या खचदरीच्या पूर्वेची, अंगाने जरा मोठी आणि रंगाने फिकट. पाऊस पडला की मैदानावर, उन्हाळ्यात पाण्यासाठी पार्कात, असा त्यांचा येण्याजाण्याचा क्रम. 1970 च्या दशकाच्या शेवटी या भागात पंचवीस हजारांहून जास्त विल्डबीस्ट होते. 2011 पर्यंत तीन हजारांच्या आत आले. इथले जुने लोक सांगतात की मोम्बासा रोडवरून जाताना दोन्ही बाजूंना कळप दिसायचे. आज त्या रोडला गोडाऊनं आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, पुढे कितेंगेला नावाचं भलंमोठं गाव झालंय. पार्कावरून 2019 पासून रेल्वे पण जाते, उंच खांबांवरून.

हे मुख्यतः बंदुकीने झालं नाही. मसाईंची सामायिक जमीन होती ती 1980 च्या दशकात कुटुंबांमध्ये वाटली गेली, ज्याच्या त्याच्या नावावर तुकडा आला, शहर वाढलं, भाव वाढले, कोणी विकला, कोणी फुलांच्या शेतीला दिला, आणि विकत घेणाऱ्याने पहिलं काम केलं ते तार ओढायचं. माणूस म्हणून यात त्याचं काही चुकलं असं म्हणवत नाही, मुलांच्या फिया भरायच्या असतात, आजारपण असतं. पण विल्डबीस्टला तारेचा अर्थ काय होतो ते मी कितेंगेलाच्या बाजूला डोळ्यांनी बघितलंय. पाच-सहा माद्या आणि एक नर, कुंपणाला समांतर चालत होते, कोपऱ्यापर्यंत गेले, परत फिरले, पुन्हा तिकडून इकडे. खाली नाक घालून वास घेत होते, वाट तारेच्या पलीकडे जात होती. पलीकडे पाऊस पडून गेला होता, हिरवी झाक इकडून दिसत होती. आम्ही निघालो तेव्हाही ते चालतच होते.

बोत्सवानात हे याहून मोठ्या प्रमाणात झालंय. गुरांना लाळ्या-खुरकत होऊ नये, युरोपला मांस विकता यावं म्हणून 1950 च्या दशकापासून शेकडो किलोमीटरची कुंपणं घातली, आणि 1980 च्या दशकातल्या दुष्काळात कलाहारीतले विल्डबीस्ट पाण्याकडे निघाले ते तारेशी अडून हजारोंच्या संख्येने मेले. ज्याचं अंगच चालण्यासाठी घडलंय, त्याला एका जागी थांबवलं तर बहुतेक वेळा तो कमी कमी होत जातो.

यावर काही करता येतं का, तर येतं, आणि इथे लोकांनी केलेलंही आहे. 2000 साली कितेंगेलात एक योजना सुरू झाली, ज्या कुटुंबांनी जमिनीला कुंपण घातलं नाही, विकली नाही, खाण काढली नाही त्यांना दर एकरी वर्षाला चार डॉलर, आणि ते पैसे तीन हप्त्यांत, शाळेच्या फीच्या वेळेला. किती साधी आणि किती विचाराने केलेली गोष्ट. शेकडो कुटुंबं त्यात आली. नंतर निधी आटला, आणि चार डॉलर आणि शहरालगतच्या जमिनीचा भाव यांची बरोबरी तशीही होणार नव्हती.

माराकडे हीच कल्पना जास्त टिकलीय. मुख्य रिझर्व्हच्या बाहेर मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी अशा कॉन्झर्व्हन्सी आहेत, तिथली जमीन शेकडो मसाई कुटुंबांच्या नावावर आहे, कॅम्पवाले त्यांना दर महिन्याला भाडं देतात आणि त्या बदल्यात जमीन एकत्र, बिनतारेची राहते. गुरं ठरवून दिलेल्या वेळी चरतात, विल्डबीस्ट पण चरतात. लोइता मैदानावरून येणारे केनियातलेच विल्डबीस्ट, जे 1977 पासून पुढच्या वीस वर्षांत जवळजवळ 80 टक्क्यांनी घटले, त्यांच्यातले जे उरलेत ते पावसाळ्यात वासरं घालायच्या वेळेला या बाजूला जाऊन-येऊन असतात, आणि त्यांना हीच जमीन उरलीय.

म्हणून आता फोन आला की मी दोन गोष्टी सांगते. जमलं तर फेब्रुवारीत न्दुटूला जा, नदी नाही, पण वासरं आहेत, आणि गाइडला सांगून गाडी बंद करून तासभर एका जागी बसा. आणि माराला जाणार असाल तर किमान दोन रात्री कॉन्झर्व्हन्सीतल्या कॅम्पमध्ये काढा, महाग पडतं हे माहितीये, पण तुमच्या बिलात एक रक्कम प्रत्येक रात्रीची कॉन्झर्व्हन्सी फी म्हणून असते, ती जमीनमालकांच्या भाड्याला जाते. बुकिंग करताना टूरवाल्याला विचारा की ती फी किती आहे आणि कुठल्या कॉन्झर्व्हन्सीला जाते, चांगला टूरवाला लगेच सांगतो.